आमच्या घराचा पडदा कोण उघडणार?

मराठी नाटकाचा पडदा वर गेला की समोर दिवाणखाना. मधोमध सोफा, एका बाजूला जिना, दुसऱ्या बाजूला स्वैंपाकघराचं दार, आणि त्या दारातून चहाचा ट्रे घेऊन येणारी बाई. दादरच्या शिवाजी मंदिरात वरचं स्वस्तातलं तिकीट काढून मी जेवढी नाटकं पाहिली त्यातल्या बहुतेकांत हाच सोफा होता. नाटकाचं नाव बदलतं, नट बदलतात, सोफा तोच.

मी माहीमला राहतो, रुळालगत. दहा बाय बाराची खोली आणि सहा माणसं. त्यातच मोरी, त्यातच गॅस, त्यातच माझी कविता. आमच्यात सोफा ठेवायचा तर माणसं बाहेर ठेवावी लागतील. पण सोफा नाही म्हणून आमच्या खोलीत नाटक घडत नाही काय? बहिणीचं लग्न त्याच खोलीत ठरलं आणि त्याच खोलीत मोडलं. आजी त्याच खोलीत गेली. बाप त्याच खोलीत रात्री आईवर हात टाकायचा आणि सकाळी त्याच खोलीत बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोला हार घालायचा. एवढं सगळं घडतंय. पडदा तेवढा वर जात नाही.

हा लेख त्या पडद्याबद्दल आहे. मी समीक्षक नाही. मॅट्रिक पास, गोदीत कंत्राटी कामगार, आणि कविता लिहितो. माझं चुकलं तर तोंडावर सांगा. पण पूर्ण वाचून सांगा.

मागच्या पावसाळ्यात गोदीत काम पडत नव्हतं. आठवड्यातून दोन पाळ्या मिळाल्या तर नशीब. तेव्हा किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांच्या ढिगात एक इंग्रजी नाटक हाताला लागलं. 'मून ऑन अ रेनबो शॉल', लिहिणारा एरल जॉन, त्रिनिदादचा. वेस्ट इंडिज एवढं वाचलं आणि घेतलं. आपल्याला वेस्ट इंडिज म्हणजे क्रिकेट. सोबर्स, लॉईड, रिचर्ड्स. तिथल्या माणसाच्या घरात चूल कशी पेटते, पोरगी शाळेत कशी जाते, हे आपल्याला कुणी सांगितलंच नाही. डिक्शनरी घेऊन बसलो. तीन आठवडे लागले. संपलं तेव्हा असं वाटलं की कुणीतरी आपल्याच चाळीतलं भांडण चोरून त्रिनिदादला नेलंय.

पोर्ट ऑफ स्पेन हे त्रिनिदादचं बंदराचं शहर. दुसरं महायुद्ध नुकतंच संपलेलं. एक सामाईक अंगण, त्याच्या कडेनं खोल्या. सोफिया नावाची बाई, तिचा नवरा चार्ली, त्यांची हुशार पोरगी एस्थर. शेजारी एफ्राईम, ट्रॉलीबस चालवणारा जवान. त्याच्यापासून दिवस गेलेली रोझा. पलीकडे मेव्हिस, गोऱ्या शिपायांना खोलीत घेऊन पोट भरणारी. आणि ह्या सगळ्यांच्या खोल्यांचा मालक म्हातारा मॅक, ज्याच्या हॉटेलात रोझा काम करते.

एस्थरला शिष्यवृत्ती मिळते. पण शिष्यवृत्तीनं फी सुटते, युनिफॉर्म आणि पुस्तकं सुटत नाहीत. ही गोष्ट आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. बाप चार्ली त्या पैशासाठी मॅकच्या हॉटेलात चोरी करतो आणि पकडला जातो. एफ्राईमला एकच ध्यास, जहाजात बसायचं आणि लिव्हरपूलला जायचं. रोझाच्या पोटात त्याचं मूल आहे हे कळल्यावरही तो जातो. रोझा शेवटी म्हाताऱ्या मॅकच्या दारात. बस्स, एवढीच गोष्ट. ह्यात राजा नाही, खून नाही, दिवाणखाना नाही. १९५७ साली लंडनच्या 'ऑब्झर्व्हर' ह्या वर्तमानपत्रानं नाटकांची स्पर्धा घेतली तेव्हा ह्या नाटकाला बक्षीस मिळालं, आणि १९५८ साली ते लंडनच्या रॉयल कोर्ट थिएटरात उभं राहिलं. त्याच्या दहा वर्षं आधी, १९४८ साली, 'एम्पायर विंडरश' नावाची बोट वेस्ट इंडिजची माणसं घेऊन लंडनजवळच्या टिलबरीच्या गोदीत लागली होती. म्हणजे ज्या जहाजाचं स्वप्न एफ्राईम बघतो ते जहाज पलीकडे पोचल्यावर काय होतं, हे लंडनमधल्या काळ्या माणसाला त्या दहा वर्षांत कळून चुकलं होतं.

मी रोज जहाजं बघतो. पोटात माल भरून येतात, रिकामी होतात, जातात. माझ्या आजानं बोर्डाच्या टोळीत पोती वाहिली, बापानं वाहिली. १९८९ साली न्हावा-शेव्याचं बंदर सुरू झालं आणि कंटेनर पाण्यापलीकडे गेले. इकडे टोळ्या मोडत गेल्या, बापानं पैसे घेऊन घरी बसायचं पत्करलं आणि मी कंत्राटदाराच्या हाताखाली लागलो. जहाजात बसून निघून जावं असं मलाही वाटलेलं आहे. म्हणून एफ्राईमला शिव्या देताना माझी जीभ जरा अडखळते. पण रोझाला खोलीत एकटी बसलेली वाचलं तेव्हा मला एफ्राईम दिसला नाही. माझी बहीण दिसली.

आणि हा चार्ली. हा चार्ली एके काळचा नामी बोलर. संघातून खेळायला बाहेरच्या बेटावर गेला, काळ्या खेळाडूंना दिलेल्या राहण्याच्या जागेबद्दल तक्रार केली, आणि त्याची कारकीर्द संपली. आता पोरांच्या बॅटी दुरुस्त करून देतो. वाचता वाचता मी थांबलो आणि म्हणालो, अरे हा तर आपला बाळू.

पालवणकर बाळू कोण हे ज्या पोरांना माहीत नसेल त्यांनी आज माहीत करून घ्यावं. चांभाराचा पोर. पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात खेळपट्टीवर राबायचा, गोऱ्यांना नेटमध्ये बोलिंग टाकायचा. डावखुरा फिरकी. हिंदूंच्या संघाला विकेटी पाहिजेत म्हणून त्याला घेतलं, पण चहाच्या वेळी त्याला पॅव्हेलियनच्या बाहेर मातीच्या भांड्यात चहा. मैदानात त्याचा चेंडू चालतो, आत त्याचा कप चालत नाही. १९११ साली भारतीय संघ इंग्लंडला गेला तेव्हा बाळूनं ११४ विकेटी काढल्या. तरी त्याला हिंदूंचा कप्तान केलं नाही, शेवटपर्यंत नाही. त्याचा भाऊ विठ्ठल कप्तान झाला तो १९२३ साली, भांडून. तिकडे वेस्ट इंडिजच्या संघाला पूर्ण मालिकेसाठी काळा कप्तान मिळाला तो १९६० साली, फ्रँक वॉरेल. त्यासाठीही आधी वर्तमानपत्रातून भांडण करावं लागलं. सी. एल. आर. जेम्स ह्या त्रिनिदादच्या माणसानं ते केलं.

आता मला सांगा, बाळूच्या घरावर मराठी नाटक का असू नये? मैदानावरचं नाही म्हणत मी. घरावरचं. मातीच्या भांड्यातला चहा पिऊन बाळू संध्याकाळी घरी आला तेव्हा बायकोशी काय बोलला? चार भाऊ क्रिकेट खेळणारे, एका पंगतीत जेवताना कशावरून भांडले? एरल जॉनला त्याच्या बोलरच्या घरात शिरता आलं. आपण आपल्या बोलरच्या फक्त विकेटी मोजल्या.

काळ्या माणसाशी आपलं नातं आजचं नाही. जोतिबांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिली ती अमेरिकेतली गुलामी मोडणाऱ्या माणसांना अर्पण केली. १९७२ साली मुंबईत नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले ह्यांनी पँथर उभी केली तेव्हा नाव ब्लॅक पँथरवरून घेतलं. नाव घेतलं, मूठ घेतली, कविता घेतली. त्यांच्या घरातलं नाटक मात्र घ्यायचं राहून गेलं.

इथं काही दोस्त म्हणतील, आपल्यावर नाटक आहे की. 'कन्यादान' आहे. ठीक आहे, 'कन्यादान'वर बोलू.

विजय तेंडुलकरांचं 'कन्यादान' १९८३ साली रंगमंचावर आलं. सदाशिव अमरापूरकरांनी बसवलं होतं. मी तेव्हा जन्मलो नव्हतो, नाटक पुस्तकातून वाचलंय. पुण्यातलं देवळालीकरांचं घर. नाथ देवळालीकर समाजवादी आमदार, बायको सेवा समाजकार्यात, मुलगी ज्योती, मुलगा जयप्रकाश. ज्योती अरुण आठवले ह्या दलित कवीशी लग्न करते. बाप खूश, कारण त्याच्या व्याख्यानातली जातमुक्ती आता त्याच्या घरात येणार. मग अरुण दारू पितो, ज्योतीला मारतो, ती गरोदर असताना मारतो. त्याचं आत्मचरित्र गाजतं आणि सासऱ्याला त्याच्यावर गोड बोलावं लागतं. ह्या नाटकावरून दलित वस्तीत संताप झाला. तेंडुलकरांवर जाहीर कार्यक्रमात चप्पल फेकली गेली. पुढं त्याच नाटकाला १९९३ चा सरस्वती सन्मान मिळाला. चप्पल आणि सन्मान, दोन्ही एकाच नाटकाला.

त्या वादात दोन बाजू होत्या आणि आजही 'कन्यादान'चं नाव काढलं की त्याच दोन बाजू उभ्या राहतात. एक म्हणते, लेखकाला स्वातंत्र्य आहे, गप्प बसा. दुसरी, म्हणजे आपली, म्हणते, ही समाजाची बदनामी आहे, दलित कवी असा नसतो. मला दोन्ही पटत नाहीत. पहिलीचं सोडा. जिला गप्प बसा म्हणायची सवय आहे तिच्याशी काय बोलायचं? दुसरी आपली आहे म्हणून तिच्याशीच भांडतो.

दलित कवी बायकोला मारत नाही? दोस्तहो, छातीवर हात ठेवून म्हणा. मी म्हणू शकत नाही.

मग 'कन्यादान'वर माझा राग कशाचा? ह्याचा, की ह्या नाटकात दलित आहे पण दलिताचं घर नाही. सगळं नाटक देवळालीकरांच्या घरात घडतं. अरुण तिथं येतो, बोलतो, हात पिरगाळतो, जातो. त्याच्या घरची माणसं आपल्याला भेटत नाहीत. त्याच्या आईचा चेहरा आपल्याला कधी दिसत नाही. लग्नानंतर दोघांना डोकं टेकायला नीट जागा नाही, हेही आपल्याला सासऱ्याच्या घरात बसून कळतं. त्या घरातून बघितलं की अरुण हा पाहुणा. पाहुण्यानं घाण केली एवढंच दिसणार. आणि आपण चप्पल फेकली तीही त्याच घराच्या दारात उभं राहून. आमच्या पाहुण्याला वाईट दाखवता काय! आपल्याला हे सुचलंच नाही की च्यायला, आपण पाहुणे का? आपलं घर कुठाय?

दुसरी गोष्ट. हेच तेंडुलकर. त्यांचं 'गिधाडे' १९७० साली रंगमंचावर आलं. त्या घरात भाऊ बापाला मारतात, बहिणीचा पाय मोडतात, तिच्या पोटातलं मूल लाथांनी मारतात. ते घर दलिताचं नाही. प्रेक्षक घाबरले, चिडले, सेन्सॉरनं कात्री लावली, पण त्या भावांची जात शोधायला कुणी गेलं नाही. ते माणसाचं क्रौर्य ठरलं. अरुणचा हात उठतो तेव्हा मात्र तो स्वतःच आपल्या जन्माकडं आणि बापाच्या मारण्याकडं बोट दाखवतो. म्हणजे सवर्ण मारतो तेव्हा माणूस मारतो, आणि दलित मारतो तेव्हा जात मारते. तेंडुलकरांनी क्रौर्य सगळ्यांना सारखं वाटलं असेल, मी नाही म्हणत नाही. पण क्रौर्याचं कारण सारखं वाटलं नाही.

एरल जॉनचा एफ्राईम रोझाला टाकून जातो. तो काळा आहे म्हणून जातो असं नाटक म्हणत नाही. जायची वाट त्याला एकच दिसते असं म्हणतं. आणि तेवढ्यावर त्याला सोडूनही देत नाही. अंगणातल्या बाया त्याला बोलतात, सोफिया तोंडावर बोलते. फरक इथं आहे. नाटक अंगणातून बघतंय. तिथं बघणारी बाई आहे.

आता माझ्या खोलीत या. लिहायला सोपं नाही, पण दुसऱ्याच्या घरावर एवढं बोललो तर आपल्या घरावर गप्प बसणं हरामखोरी होईल.

दोन वर्षांपूर्वी जयंतीच्या कार्यक्रमात मी 'आई' नावाची कविता वाचली. टाळ्या पडल्या. दोन म्हाताऱ्यांनी डोळे पुसले. आई मागं बायकांत बसली होती. रात्री घरी भात वाढताना म्हणाली, ''तुझ्या कवितेत मी सारखी रडतेच.''

मी म्हणालो, ''मग? रडली नाहीस काय?''

''रडले. पन कशानं रडले ते कुठं लिवलंस? समाजानं रडवलं, व्यवस्थेनं रडवलं. तुझ्या बापानं मारलं ते कुठाय? मी त्येचा हात धरला एकदा, ते कुठाय?''

बाप तिथंच बसला होता. खाली मान घालून जेवत होता.

मी काय उत्तर देणार? माझ्या कवितेत बापाची पाठ होती. पोत्यानं वाकलेली. आकडा लागून गेलेलं त्याचं बोट होतं. मुकादमाची शिवी होती. सगळं खरं. पण बाप घरी आल्यावर माझी कविता संपत होती. दाराच्या आत येत नव्हती. का? बदनामी होईल म्हणून. कोणाची? समाजाची. म्हणजे आईच्या अंगावरचे वळ हा समाजाच्या अब्रूचा प्रश्न झाला आणि ते झाकायचं काम मी, तिच्या पोरानं, कवितेनं केलं. देवळालीकर व्यासपीठावर खोटं बोलला म्हणून आपण त्याला हसतो. मी त्या दिवशी व्यासपीठावर दुसरं काय केलं?

पाठ दुखते, काम सुटतं, मुकादम शिवी देतो, म्हणून माणूस पितो आणि मारतो. हे कारण मी नाकारत नाही. पण मी एक हिशेब केलाय. शिवी मुकादमानं दिली. मुकादमावर बापानं कधी हात टाकला नाही. कंत्राटदारावर टाकला नाही. हात टाकला तो आईवर. म्हणजे हाताला अक्कल होती. कुठं उठायचं आणि कुठं नाही हे त्याला बरोबर माहीत होतं. ही अक्कल आपल्याला कुणी शिकवली? जातीनं खालच्यावर लाथ मारायची जी उतरंड बनवली तिची शेवटची पायरी आपल्या खोलीत आहे. बाबासाहेबांनी १९४२ साली नागपूरच्या महिला परिषदेत बायांना सांगितलं की नवऱ्याची गुलाम होऊ नका, बरोबरीनं उभ्या राहा. फोटोला हार घालणारा हात ते ऐकतो काय?

आणि बायांनी हे सगळं आपल्या आधी लिहून ठेवलंय. आपण वाचलं नाही. बेबीताई कांबळे ह्यांनी 'जिणं आमुचं' लिहिलं ते वर्षानुवर्षं नवऱ्यापासून लपवून. १९८६ साली ते पुस्तक म्हणून आलं. त्यात गावानं महाराला काय केलं ते आहे, आणि महारानं आपल्या बाईला काय केलं तेही आहे. शांताबाई कांबळे ह्यांचं 'माज्या जल्माची चित्तरकथा' आहे. ऊर्मिला पवार ह्यांचं 'आयदान' २००३ साली आलं, पुढं सुषमा देशपांडे ह्यांनी ते रंगमंचावर आणलं. बायांनी तो पडदा हातानं वर धरलाय. आपण पोरं विंगेत उभं राहून घोषणा देतोय.

कुणी म्हणेल, हा तर दलित नाटकाला नावं ठेवतोय. अजिबात नाही. आपली परंपरा मला माहीत आहे आणि तिचा मला गर्व आहे. जोतिबांनी १८५५ साली 'तृतीय रत्न' लिहिलं. काय आहे त्यात? एक कुणबी, त्याची गरोदर बायको, आणि त्यांना लुबाडायला दारात आलेला जोशी. म्हणजे आपल्या नाटकाची सुरुवातच एका गरिबाच्या घरातून झाली! शेवटी नवराबायको दोघं शिकायला निघतात. दोघं, हे ध्यानात घ्या. दक्षिणा प्राइझ कमिटीनं ते नाकारलं आणि छापून यायला जवळजवळ सव्वाशे वर्षं गेली. नंतर सत्यशोधक जलसे झाले, भीमराव कर्डकांचे आंबेडकरी जलसे झाले. इथं आमच्या पलीकडे मातुंगा लेबर कॅम्पात अण्णाभाऊंनी मच्छरावर पोवाडा रचला, डासावर! औरंगाबादेत दलित थिएटर उभं राहिलं. प्रेमानंद गज्वींनी 'घोटभर पाणी' दोन पोरांवर उभं केलं, सेट नाही, सोफा नाही. दत्ता भगतांनी 'वाटा-पळवाटा'त चळवळीतला जुना काका, प्राध्यापक पुतण्या आणि तापलेला जवान अर्जुन ह्यांना एका घरात आणलं. ते खरं आपलं घर. पण तिथंही भांडण जास्त करून चळवळीच्या वाटेचं. ते भांडण लागतंच. मी म्हणतो, त्याच घरातल्या मोरीशी बसलेल्या बाईचं भांडणही लागतं.

गिरणगावाच्या घराचं नाटक मराठीत आहे. जयंत पवारांचं 'अधांतर', १९९७ चं. १९८२ च्या संपानंतर मोडलेलं एक कामगार घर. आई, तीन मुलगे, मुलगी, जावई. एका खोलीत सगळं. ते वाचून मी दोन रात्री झोपलो नाही. जयंत पवार २०२१ ला गेले, त्यांना माझा सलाम. पण गिरणीतही आपलं खातं वेगळं होतं, हे विसरू नका. विणखात्यात अस्पृश्याला घेत नसत, कारण धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागे. बाबासाहेबांनी १९२८ च्या संपाच्या वेळी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांच्या तोंडावर मांडला होता. संपात खांद्याला खांदा, धाग्याला तोंड नाही. म्हणून गिरणगावाचं घर लिहून झालं म्हणजे आपलं घर लिहून झालं असं होत नाही. शेजार आहे, घर दुसरं आहे.

तर काय करायचं? मी नुसता रडगाणं गाणारा नाही. माझं म्हणणं मांडतो.

पहिलं, थिएटरचं भाडं आपल्याला झेपत नाही, तर थिएटर नको. एरल जॉनचं नाटक अंगणात घडतं. आपल्याकडे अंगण आहे. रुळालगत आहे, लेबर कॅम्पात आहे, वरळीच्या बीडीडी चाळीत होतं. आमच्याकडे बुधवारी सेंट मायकेलला नोव्हेनाची गर्दी, डिसेंबरात बाबांच्या दर्ग्याचा उरूस, त्याच महिन्याच्या सहा तारखेला चैत्यभूमीकडे जाणारी माणसं. माहीमला माणसं जमवायला जाहिरात लागत नाही. रात्रीची शेवटची गर्दीची गाडी गेली की नाटक सुरू करायचं.

दुसरं, नाटकातली आई नुसती रडणार नाही. तिनं एकदा बापाचा हात धरला होता. तो प्रवेश पाहिजे.

तिसरं, बाप नुसता दारुडा नको आणि नुसता शोषित नको. दोन्ही एकाच माणसात पाहिजे. त्याची पाठ दिसली पाहिजे आणि त्याचा हात दिसला पाहिजे. एक झाकून दुसरं दाखवलं तर तेंडुलकरांना नावं ठेवायचा आपला हक्क गेला.

चौथं, सवर्ण प्रेक्षकाला समजावून सांगायचं नाही. तो आला तर उभं राहून बघू दे, जसं आम्ही वरच्या तिकिटावर त्याचा सोफा बघितला. कळलं नाही तर शेजारच्याला विचारेल. आपण इतकी वर्षं विचारतोच आहोत.

पाचवं, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो असेल. पण तो शेवटी उजेड टाकायला नाही. पहिल्यापासून तिथं आहे, सगळं बघतोय. तेवढं पुरे.

समाजाची बदनामी होईल असं अजूनही ज्यांना वाटतं त्यांना एकच विचारतो. आपल्या घरातलं आपण सांगितलं नाही म्हणून ते जगाला कळलं नाही काय? कळलं. देवळालीकरांच्या घरातून कळलं. आता तुम्ही ठरवा, कुठल्या घरातून कळायला पाहिजे.

मी लिहायला घेतलंय. दोन प्रवेश झालेत. बापाला सांगितलं, तुमच्यावर नाटक लिहितोय. आता तो थकलाय, बोलणं कमी झालंय. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, ''लिव. पन मुकादमाचं बी लिव.'' मी म्हणालो, लिहितो. आईला विचारलं, तू बघायला येशील ना? ती म्हणाली, ''येईन. पुढं बशीन. खोटं दिसलं तर उठून बोलीन.''

ह्या अंकाच्या वाचकांत जी पोरं-पोरी नाटक करतात त्यांनी मला कळवावं. पोरी आधी. आईची भूमिका करायला पोरगी पाहिजे, आणि तिला वाटलं तर माझे संवाद खोडायचा तिला हक्क राहील. पैसे नाहीत. तालीम रविवारी, पाळी नसेल तेव्हा, आमच्याच गल्लीत.

जय भीम.